आधी पारख, मग पैसा

भारत आणि ब्रिटन यांच्यातील व्यापार-करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या, तेव्हा वृत्तपत्रांतून चर्चा झाली ती मुख्यतः कापड, चामडे आणि मद्य यांची. त्याच करारात मोटारींविषयी एक तरतूद आहे आणि आमच्या महानगरातील एका लहानशा पण सधन वर्गाचे लक्ष तिच्यावर खिळले आहे. ब्रिटनमध्ये तयार होणाऱ्या मोटारींवरील शंभर टक्क्यांहून अधिक असलेले आयात-शुल्क ठराविक संख्येपुरते आणि टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत खाली आणावयाचे त्यात ठरले आहे. पाठोपाठ २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला. पूर्वी तोच उपकर धरून ५० टक्क्यांपर्यंत जात असे. लॅम्बोर्गिनी या इटालियन कंपनीच्या ९२ गाड्या २०२२ साली भारतात खपल्या, २०२३ साली १०३ आणि २०२४ साली ११३. आकडे लहान आहेत, परंतु त्यांची दिशा स्पष्ट आहे. अतिवेगवान विदेशी मोटार ही आजवर चित्रपटांत आणि चित्रांत पाहावयाची वस्तू होती. ती आता आमच्या रस्त्यावर, आमच्या शेजारून धावणारी वस्तू होऊ लागली आहे.

अशी मोटार विकत घेण्यापूर्वी ती स्वतः चालवून पाहावी की नाही, असा प्रश्न कोणी विचारला तर वाचकांना तो विनोदी वाटेल. आमच्या घरची गृहिणी माठ घेतानासुद्धा टिचकी मारून त्याचा नाद ऐकते. मग कोट्यवधी रुपयांची गाडी पारखून घ्यावी हे काय सांगावयास पाहिजे? परंतु या व्यापाराची रीत नेमकी उलटी आहे. गाडी जितकी महाग, तितकी ती आधी चालवावयास मिळण्याची शक्यता कमी. लॅम्बोर्गिनीची ‘रेव्हुएल्टो’ डिसेंबर २०२३ मध्ये भारतात आली ती ८ कोटी ८९ लाख रुपयांच्या एक्स-शोरूम किमतीस. आणि तोपर्यंत जगभरच्या मागण्या इतक्या साचल्या होत्या की पुढील दोन वर्षांहून अधिक काळाचे उत्पादन आधीच विकले गेले होते. मर्यादित संख्येच्या गाड्यांच्या बाबतीत तर ग्राहक गाडी निवडत नाही, कंपनीच ग्राहकाची निवड करते. अशा वेळी ‘टेस्ट ड्राइव्ह’ मागणे म्हणजे जणू पंगतीत पान मांडण्यापूर्वीच आमटीची चव विचारणे!

विक्रेत्याची बाजू मुळीच नाही असे आम्ही म्हणत नाही. प्रात्यक्षिकासाठी ठेवलेल्या गाडीत कोट्यवधी रुपये अडकून पडतात आणि जितके किलोमीटर ती धावते तितके तिचे मोल घटते. खरेदीची ऐपत नसताना केवळ हौस भागविण्यासाठी येणाऱ्यांची संख्याही थोडी नसते. एका चुकीच्या वळणावर गाडी दुभाजकावर आदळली तर विमा कोणाचा आणि दोष कोणाचा, हा वाद उरतोच. तेव्हा येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती किल्ली द्यावी, अशी अपेक्षा कोणी करू नये. पण ज्याच्याकडून भली मोठी अनामत स्वीकारावयाची आहे त्यालाही ती नाकारणे, ही सावधगिरी नव्हे. तो टंचाईचा गैरफायदा आहे.

टंचाईचा हा अनुभव आमच्या पिढ्यांना नवा नाही. एके काळी कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाटसाठी आणि बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नावे नोंदवून बसत. नंबर लागला की मिळेल त्या रंगाची, मिळेल त्या अवस्थेतील गाडी घरी आणून तिला हार घालीत. ती चालवून पाहतो, असे म्हणण्याचे धाडस त्या काळी कोणाला झाले नाही. जिथे वस्तू दुर्मिळ असते तिथे ग्राहकाचा याचक होतो. परवान्यांच्या राज्यात मध्यमवर्ग याचक होता. आज वैभवाच्या बाजारात कोट्यधीश याचक झाला आहे. फरक इतकाच की त्या वेळची टंचाई धोरणातून आली होती आणि आजची हेतुपुरस्सर राखली जाते.

न पाहता पैसा गुंतविण्याचे फळ काय, याचे बोधप्रद उदाहरण ब्रिटनमध्येच घडले आहे. १९८८ साली बर्मिंगहॅमच्या मोटार-प्रदर्शनात जॅग्वार कंपनीने ‘एक्सजे-२२०’ या नावाची एक अपूर्व गाडी मांडली. बारा सिलिंडरांचे इंजिन आणि चारही चाकांना मिळणारी शक्ती, असे तिचे वर्णन होते. श्रीमंतांची रीघ लागली आणि प्रत्येकी ५० हजार पौंडांची अनामत देऊन त्यांनी आपली नावे नोंदविली. त्यांतील कोणीही ती गाडी चालविली नव्हती. ती चालविण्याजोगी झालीच नव्हती. १९९२ साली गाडी प्रत्यक्ष हाती आली, तेव्हा तिच्यात सहा सिलिंडरांचे टर्बो इंजिन होते, शक्ती फक्त मागच्या चाकांना मिळत होती आणि किंमत मात्र पहिल्या आकड्याच्या पुष्कळ वर गेली होती. मधल्या काळात ब्रिटनमध्ये मंदी येऊन अनेकांचा उत्साहही ओसरला होता. कोणी करारातून सुटण्याची धडपड केली, कोणी न्यायालयाची पायरी चढले. वास्तविक ती गाडी वाईट नव्हती; ताशी ३४० किलोमीटरांच्या वर वेग गाठून त्या काळच्या सर्वांत वेगवान गाड्यांत तिने स्थान मिळविले. तक्रार वेगाची नव्हती, दिलेल्या शब्दाची होती. ज्यांनी केवळ चित्र आणि वर्णन पाहून पैसा दिला, त्यांना पुढे दाद मागावयाची तर तीही त्या वर्णनाच्याच आधारे मागावी लागली.

आमचा कायदा या बाबतीत काय सांगतो तेही पाहण्यासारखे आहे. १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या ४१ व्या कलमान्वये, आधी न तपासलेला माल हाती आल्यावर तो तपासण्याची वाजवी संधी ग्राहकास मिळेपर्यंत त्याने तो स्वीकारला असे मानले जात नाही. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे, हेही त्याच कायद्यात आहे. परंतु १६ व्या कलमातील एक परंतुक फार थोड्यांच्या ध्यानात असते. ग्राहकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसून यावयास हवे होते त्यांच्याबद्दल त्याला मागाहून गर्भित हमीचा आधार घेता येत नाही. याचा अर्थ असा की, तपासणी हा जसा हक्क आहे तशीच ती जबाबदारीही आहे. शोरूमच्या दारातून निघून पाच मिनिटांत परत येणारी आणि छायाचित्र काढण्यापुरती असलेली फेरी ही पारख नव्हे. तिने ग्राहकाच्या ज्ञानात भर पडत नाही. उलट ‘तुम्ही गाडी पाहिली होती’ असे म्हणावयास विक्रेत्यास जागा मात्र मिळते.

मग पारखावयाचे ते काय? येथे बहुतेक ग्राहकांची दिशाभूल होते. ज्याला त्याला वेग पाहावयाचा असतो. परंतु वेग ही या गाडीतील एकमेव अशी गोष्ट आहे की जिच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अडीच सेकंदांत ताशी शंभर किलोमीटर गाठणारी गाडी तो वेग गाठणारच. प्रश्न आहे तो ती दादर ते वरळी हे अंतर कसे कापील हा. भारतीय रोड काँग्रेसच्या १९८८ च्या मानकाने गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर ठरविली होती. आणि ते मानक गुंडाळून ठेवून बांधलेले गतिरोधक आमच्या गल्लोगल्ली आहेत. या मोटारींचे पोट जमिनीपासून जेमतेम अकरा-बारा सेंटिमीटरांवर असते. पुढची बाजू उचलण्याची यंत्रणा आहे का आणि ती किती वेळात काम करते, इंजिन रहदारीत तापते का, मागचे दिसते का, सुमारे दोन मीटर रुंदीचे ते धूड इमारतीच्या तळघरातील उतारावर वळते का, घरातील वृद्ध माणसास तिच्यात बसता-उठता येते का, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही पुस्तिकेत नसतात. ती दुपारच्या गर्दीत, ताशी २० किलोमीटरांच्या वेगाने अर्धा-पाऊण तास गाडी चालविल्यानेच मिळतात. ज्या गाडीची कीर्ती वेगाची, तिची खरी परीक्षा मंद गतीत आहे.

वापरलेली गाडी घेणाराने तर केवळ चालवून पाहण्यावरही विसंबून राहू नये. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियातील सँटा क्लॅरिटा येथे नट पॉल वॉकर हे ज्या पोर्श गाडीच्या अपघातात मृत्यू पावले, तिचा वेग मर्यादेच्या बराच पलीकडे होता आणि तोच मुख्य दोष ठरला. पण तिचे टायर नऊ वर्षांहून अधिक जुने असल्याचेही तपासात निष्पन्न झाले. टायर कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला, हे त्याच्या कडेवरील चार आकड्यांत लिहिलेले असते. ते वाचावयास खाली वाकावे लागते, एवढेच. पण वाकून पाहणारे ग्राहक विरळा!

येथपर्यंत हा ग्राहक आणि विक्रेता या दोघांतला व्यवहार झाला. परंतु मोटार रस्त्यावर धावते आणि रस्ता या दोघांच्या मालकीचा नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्श गाडीची धडक बसून दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला, ती घटना महाराष्ट्र विसरलेला नाही. गाडी अल्पवयीन मुलगा चालवीत होता, असा आरोप आहे. त्या गाडीची कायम नोंदणीही झालेली नव्हती. ती चाचणीची फेरी नव्हती, हे खरे. पण हजारो किलोमीटरांवर तयार झालेले सामर्थ्य कोणत्याही शिक्षणावाचून आमच्या रस्त्यावर उतरले की त्याची किंमत कोण मोजतो, हे त्या पहाटेने दाखवून दिले. आमच्याकडे परवान्याची पद्धत अशी की, ४० च्या आतबाहेर अश्वशक्तीची जुनी मारुती चालवावयास जो परवाना पुरतो, तोच हजार अश्वशक्तीच्या गाडीसही पुरतो. जो मनुष्य उद्या अशी गाडी रोज चालविणार, त्याने ती आधी जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली चालविलेली असावी, ही तुमच्या-आमच्या जिवाची मागणी आहे. म्हणूनच चाचणी ही ग्राहकाची केवळ चैन आहे, हे मत आम्हांस मान्य नाही.

मात्र ती चाचणी कोठे व्हावी, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. घोडामैदान जवळच आहे असे म्हणण्याची सोय येथे नाही. घोडे आले आहेत, मैदान कोठे आहे? ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला. तेथेही मोटारींची मर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे आणि मुंबईच्या किनारी रस्त्यावर ती जास्तीत जास्त ८० आहे. त्यापुढचा वेग पाहावयाचा तर तो बंद धावपट्टीवरच. ग्रेटर नोएडाजवळचा बुद्ध सर्किट आणि इंदूरजवळ पिथमपूर येथील ११.३ किलोमीटरांची चाचणी-धावपट्टी अशी मोजकी स्थाने देशात आहेत. आणि धावपट्टी म्हणजे अभय, असेही कोणी समजू नये. एप्रिल २०१५ मध्ये फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डच्या धावपट्टीवर हौशी ग्राहक चालवीत असलेली लॅम्बोर्गिनी कठड्यावर आदळली आणि शेजारी बसलेला कंपनीचा माणूस प्राणास मुकला. शिस्त नसेल तर मैदानही घात करते.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. गाडी चालवून पाहिल्यावाचून कोणी पैसा देऊ नये. शहरातील चाचणी संथ असावी, शेजारी कंपनीचा शिक्षक असावा आणि वेगावर यांत्रिक लगाम असावा. वेगाची परीक्षा धावपट्टीवरच व्हावी आणि तिचा खर्च, पुढे किमतीतून वजा करून का होईना, खऱ्या ग्राहकाकडून घ्यावयास विक्रेत्यास मोकळीक असावी. मर्यादित संख्येची गाडी आधी मिळणे अशक्यच असेल, तर निदान इंजिन, किंमत आणि मुदत यांचे लेखी वर्णन हाती घ्यावे आणि त्यात बदल झाल्यास अनामत परत मिळण्याची अट करारात असावी. सरकारने अश्वशक्तीप्रमाणे परवान्याच्या पायऱ्या पाडण्याचा विचार करावा. आयात-शुल्क कमी करण्याची तत्परता जेथे दिसली, तेथे ही दिसू नये याचे कारण नाही.

आमच्या बहुसंख्य वाचकांना या मोटारी घ्यावयाच्या नाहीत, हे आम्ही जाणतो. परंतु ते आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी, म्हणजे राहते घर, अनेकदा अशाच रीतीने करतात: रंगीत पुस्तिका आणि सजविलेली नमुना-सदनिका पाहून, उभ्या न राहिलेल्या भिंतींसाठी पंचवीस वर्षांचे कर्ज काढतात. त्यांच्या रक्षणासाठी २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. कोट्यधीशाची मोटार बिघडली तर त्याच्याकडे दुसरी असते. मध्यमवर्गीयाचे घर फसले तर त्याला दुसरे नसते. संकोच सोडून, वस्तू हाताळून, प्रश्न विचारून आणि उत्तर लेखी घेऊन मगच पैसा मोजावयाचा, ही सवय समाजाच्या वरच्या थरात रुजली तर ती खाली झिरपेल, अशी वाट पाहण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. माठाला टिचकी मारणाऱ्या गृहिणीपाशी ती पहिल्यापासूनच आहे. इतरांनी ती तिच्याकडून शिकावी.