जेवण सांगून ठेवावे

कोकणच्या किनाऱ्याने मोटारीतून निघालेल्या कुटुंबात दोन वाद ठरलेले असतात, एक रस्त्याचा आणि दुसरा जेवणाचा; त्यांपैकी पहिल्याचा निकाल वडखळच्या नाक्यावर लागतो, कारण सरळ महामार्ग धरावयाचा की अलिबागकडे वळावयाचे हे तेथे ठरवावेच लागते, पण दुसरा मात्र सावंतवाडी आली तरी मिटत नाही. मोटारीत आजी असतात, त्यांचा नेमका त्या दिवशी सोमवार असतो. मेहुणे असतात, त्यांना मासळीवाचून घास उतरत नाही. आठ-दहा वर्षांचे एखादे चिरंजीव असतात, त्यांना समोर समुद्र दिसत असतानाही नूडल्सच हवे असतात. आणि चाकावर बसलेला गृहस्थ असतो, त्याचे मत कोणी विचारीत नाही. अशा या संमिश्र मंडळाला भर दुपारी एकाच पंगतीला समाधानाने कसे बसवावे, हा प्रश्न दर सुटीच्या तोंडावर परिचित मंडळी मला विचारतात, आणि उत्तरादाखल त्यांना हवी असते ती हॉटेलांची यादी. ती देण्याचे मी टाळतो. चांगली खानावळ ही बहुधा एका बाईच्या हातावर चाललेली असते. ती बाई थकते, मुलगा पुण्याला नोकरीस लागतो, सून निराळा उद्योग धरते, आणि यादी मात्र या हातातून त्या हातात फिरतच राहते. यादीपेक्षा त्या मुलखाचा शिरस्ता ठाऊक असणे अधिक उपयोगाचे, आणि तो शिरस्ता असा की तेथे चांगले जेवण आयते मिळत नाही, ते आधी सांगून ठेवावे लागते.

महामार्गावर, म्हणजे पूर्वी १७ आणि आता ६६ हा क्रमांक मिरविणाऱ्या रस्त्यावर, आयते जेवण मिळते हे खरे. तेथील उपाहारगृहांना कोणत्याही प्रहरी येणाऱ्या कोणत्याही प्रांताच्या माणसाची तजवीज ठेवावी लागते, आणि म्हणून त्यांच्या यादीत पंजाब, चीन, मालवण आणि मद्रास एकाच पानावर गुण्यागोविंदाने नांदताना दिसतात. मी त्यांची निंदा करीत नाही. स्वच्छ प्रसाधनगृह, मोटार उभी करण्यास प्रशस्त जागा आणि गरम चहा या तीन गोष्टींसाठी कुटुंबवत्सल माणसाने त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु पनीरची तीच तांबडी आमटी आणि बर्फातून काढलेल्या सुरमईची तीच तुकडी खावयाची, तर त्यासाठी घाट उतरून समुद्रापर्यंत येण्याची तसदी कशाला घ्यावी? सकाळचे पहिले खाणे तर घरूनच न्यावे असे माझे जुनाट मत आहे. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, लोणच्याची फोड आणि डब्यात कालवलेले दडपे पोहे एवढी शिदोरी बरोबर असली, म्हणजे न्याहारीसाठी थांबण्यात जाणारा तास वाचतो, वळणावळणांच्या रस्त्यावर मुलांची पोटे बिघडत नाहीत, आणि मुख्य म्हणजे दुपारच्या जेवणाची वेळ आपल्या हाती राहते. ती हाती राहणे का आवश्यक आहे, हे पुढे येईलच.

दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, केळशी, आंजर्ले, गुहागर या गावांतून सुपारी-नारळीच्या वाड्यांमधल्या अरुंद रस्त्याने जाताना घरांच्या कुंपणांवर घरगुती जेवणाच्या सोयीच्या पाट्या दिसतात. त्या पाटीमागे हॉटेल नसते, घर असते. पडवीत चार टेबले मांडलेली असतात, आत चुलीशी घरच्याच दोन बायका असतात, आणि भांडारात जे असते ते त्या दिवशी येणाऱ्या माणसांच्या हिशेबाने आणलेले असते. उकडीचा मोदक हा काही भट्टीतून काढून काचेच्या कपाटात ठेवण्याचा पदार्थ नव्हे. तांदळाची उकड काढावयाची, ती गरम असतानाच मळावयाची, नारळ-गुळाचे सारण भरून कळ्या पाडावयाच्या, वाफवावयाचे, आणि वाफ जिरण्याच्या आत पानावर वाढून वर तुपाची धार सोडावयाची, एवढा हा कारभार असल्यामुळे दहा माणसांचे मोदक हवे असतील तर ते दहा माणसांसाठीच केले जातात, वाटेने कोणी येईल या आशेवर कोणी करून ठेवीत नाही. त्याच पानावर वालाचे बिरडे, अळूचे फदफदे, केळफुलाची भाजी आणि आमसुलाचे सार असते. आणि वाल भिजवून, मोड आणून, सोलण्याचे काम कालपासूनच चाललेले असते. दक्षिणेकडे मालवणात ब्राह्मणी ताटाच्या जागी वडे-सागोती येते, पण न्याय तोच. वड्यांचे पीठ तांदूळ, उडीद, धने, मेथी यांचे असते, ते मळून काही तास मुरत ठेवावे लागते. गावठी कोंबडी शिजण्यास आपला वेळ घेते. आणि भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण ज्या दिवशीचे त्याच दिवशी खावे. अशा ठिकाणी दोन वाजता अकस्मात मोटार उभी करून आठ पानांची मागणी करणे हे, कोणाच्या घरी लग्नाचे निमंत्रण नसता पंगतीत जाऊन बसण्यासारखेच होय.

आणि तरीही हा किनारा कोणाला उपाशी परत लावीत नाही, हेही नमूद केले पाहिजे. मालवणजवळ एका घरगुती खानावळीत आम्ही हात धूत असता दुसऱ्या एका मोटारीतून सहा-सात माणसे उतरली, आणि जेवणाची वेळ तर उलटून गेली होती. “आधी फोन करूक होयो होतो,” एवढेच त्या घरच्या काकी म्हणाल्या, आत गेल्या, आणि अर्ध्या तासात त्यांनी त्या मंडळींपुढे गरम भात, कुळथाची पिठी, भाजलेला सुका बांगडा आणि सोलकढी ठेवली. जेवणारे खूष झाले. काकी मात्र स्वतः केव्हा जेवल्या ते मला दिसले नाही.

वेळेचा दुसरा धनी म्हणजे खाडी. अंतुल्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळापासून जिच्याविषयी बोलले जात आहे ती रेवसपासून रेड्डीपर्यंतची सागरी वाट आजही जागोजागी पाण्याशी येऊन थांबते, आणि तेथे मोटारीसह माणसाला पलीकडे नेणारी जंगल जेटी घ्यावी लागते. आगरदांडा ते दिघी, बागमांडले ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशी ही तरांची मालिका आहे. दाभोळची सेवा २००३ साली सुरू झाली, आणि तेव्हापासून किनाऱ्याकिनाऱ्याने जाण्याची हौस सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली. मुंबईहून निघणाऱ्यास २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंतही मोटार बोटीतून नेता येते. प्रवास रम्य, यात शंका नाही. परंतु नाताळच्या किंवा मेच्या सुटीत जेटीवर मोटारींची रांग लागली म्हणजे नकाशावरील अर्ध्या तासाचे दोन तास होतात आणि पलीकडच्या तीरावरील मोदक निवतात. म्हणून जेवण नेहमी खाडीच्या अलीकडे सांगावे. दुपारी आगरदांड्याला पोहोचणार असाल तर मुरुडला जेवून घ्यावे, दाभोळची तर धरावयाची असेल तर दापोलीच्या अंगाला; पलीकडे जाऊन जेवू, हा विचार ज्याने केला त्याने मुलांना बिस्किटांवर वाढविले.

मासळी खाणाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. हर्णै बंदरात सुवर्णदुर्गाच्या समोर वाळूवर मासळीचा लिलाव भरतो. बोटी लागल्या की पाण्यात शिरलेल्या बैलगाड्यांतून माल किनाऱ्यावर येतो, टोपल्या ओतल्या जातात, आणि पुढचा तासभर जो पुकारा चालतो त्यातील आकडे बाहेरच्या माणसाला अर्धे कळत नाहीत, कोणी कोणाला काय दिले हे तर मुळीच कळत नाही. मुलांनी ते पाहावे. मासा हा पाकिटातून येत नाही हे त्यांना एकदा कळावे. मोठ्या माणसांनी मात्र नुसते पाहून परतू नये. आसपासच्या अनेक घरगुती खानावळींत आपण घेतलेली मासळी आपल्याला हवी तशी करून देतात, पण तीही आधी विचारून ठेवली असेल तर. आणि घेताना पापलेट-सुरमईच्या मोहात पडू नये. ते मासे मुंबईच्या बाजारात आपल्याला रोज दिसतात. येथे यावे ते तारली, पेडवे, सौंदाळे, मांदेली, ताजे बोंबील यांच्यासाठी, कारण हा किरकोळ माल दूरच्या प्रवासात आपली गोडी गमावतो आणि म्हणून किनाऱ्यावरच उत्तम लागतो. तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले ज्याने फक्त शहरात खाल्ले आहे, त्याने ते मालवणात किंवा वेंगुर्ल्यास पुन्हा खाऊन पाहावे आणि मग आपले मत बनवावे.

पंचांगही पाहिले पाहिजे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस सरकारी बंदी असते, मासळीचा प्रजननाचा काळ म्हणून. त्या दिवसांत ज्या हॉटेलात सुरमईचे ताट हमखास मिळते, ती सुरमई केव्हाची आहे याचा विचार आपला आपण करावा. पुढे श्रावण लागतो आणि पुष्कळ घरांत मासळी चढतच नाही. म्हणून पावसाळ्यात कोकणात खाण्यासारखे काही नाही असा ज्यांचा समज आहे, त्यांना त्या मुलखाची निम्मी ओळखच झालेली नाही. मृगाच्या पावसाबरोबर शेवळे निघतात, मग टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्या येतात. उन्हाळ्यात भरून ठेवलेले सोडे आणि सुकट डब्यांतून बाहेर पडतात. नागपंचमीला हळदीच्या पानांतल्या पातोळ्या होतात, आणि गावठी काकड्या तयार झाल्या म्हणजे त्यांचे धोंडस होते. हिवाळ्यात अलिबागच्या बाजूस शेतात पोपटी लागते: भांबुर्डीच्या पाल्यात वालाच्या शेंगा मडक्यात भरून मडके जाळात उपडे ठेवावयाचे, एवढाच तो विधी, पण तो संध्याकाळी आणि कोणा परिचिताच्या शेतातच व्हावा लागतो. फाल्गुन-चैत्रात ओल्या काजूंची उसळ मिळते, आणि आजींचा सोमवार असला तरी त्या दिवशी मेहुण्यांनाच त्यांच्या पानाचा हेवा वाटतो.

शाकाहारी माणसांची अडचण मात्र खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. मत्स्याहारी खानावळीत तवा एक, तेल एक, आणि पुष्कळदा पळीही एकच असते; ज्यांना ते चालत नाही त्यांनी संकोच न करता सांगताना तसे स्पष्ट सांगावे, म्हणजे घरची माणसे भांडी निराळी करतात, किंवा होणार नाही असे सरळ सांगतात. गणपतीपुळे आणि पावस येथे दुपारच्या वेळी देवस्थानांत प्रसादाची खिचडी मिळते. ती शांतपणे रांगेत बसून खावी, आणि ज्यांना मग मासळी खावयाची असेल त्यांनी रात्रीचे जेवण रत्नागिरीत सांगावे. चिरंजीवांच्या नूडल्सबाबत माझा सल्ला कोणी मानीत नाही. तरीही सांगतो: त्यांना तांदळाचे घावन आणि गूळ घातलेला नारळाचा रस द्यावा, आणि वाद घालू नये. घावन समोर आले म्हणजे नूडल्सचा विषय आपोआप मागे पडतो, असा अनुभव आहे.

गोव्यात शिरल्यावर शिरस्ता थोडा बदलतो. तेथे बाजारपेठेतल्या साध्या खानावळींतही दुपारी भात, हुमण, किसमूर आणि तळलेली एखादी तुकडी असे ताट न सांगता मिळते, आणि सकाळी पातळ भाजी व पाव यांवर शाकाहारी माणूसही तृप्त होतो. मात्र जेवणाची वेळ गोवेकर कटाक्षाने पाळतात. तीन वाजता भांडी उपडी होतात आणि गाव वामकुक्षी करतो. उशिरा पोहोचणाऱ्यास मग समुद्रकाठच्या त्या परदेशी धाटणीच्या उपाहारगृहांतच आश्रय घ्यावा लागतो, आणि तेथील देयक पाहून मेहुणेदेखील क्षणभर गप्प होतात.

तेव्हा व्यवहाराच्या गोष्टी एवढ्याच. मुक्कामाच्या घरमालकाला आदल्या रात्री विचारावे की उद्या दुपारी आम्ही अमुक गावी असू, तेथे जेवण कोण करते. त्याच्या ओळखीत बहुधा कोणीतरी असते, आणि ती ओळख छापील शिफारशीहून भरवशाची असते. सकाळी नऊच्या आत फोन करून माणसे किती, मासळी किती पानांना, शाकाहारी किती, तिखट न खाणारी मुले किती हे एकदाच नीट सांगावे. रोख रक्कम बरोबर ठेवावी, कारण वाड्यांमधून फोनची रेंज आपल्या मर्जीने येते-जाते. आणि जेटीवर अडकलात, मूल आजारी पडले, किंवा वाटेत दुसरेच काही मोहवून गेले व बेत बदलला, तर कृपा करून तेवढ्याच तत्परतेने पुन्हा एक फोन करावा. सुटीच्या दिवसांत दहा पाने सांगून न आलेल्या मोटारी किनाऱ्यावरच्या प्रत्येक खानावळीला ठाऊक आहेत, आणि त्या दहा पानांचा भात, मासळी आणि मोदक यांचा खर्च त्या घरालाच सोसावा लागतो.