बार्शी लाईट, एकास सत्त्याऐंशी



मॉडेल रेल्वेचा नाद आहे असं सांगितलं की हापिसात दोनच प्रश्न येतात. "म्हणजे चावीची आगगाडी का रे?" आणि "घरचे काही बोलत नाहीत?" दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, बोलतात. पहिल्याचं उत्तर जरा लांबतं, म्हणून या विकांताला तेच लिहायला घेतलंय. त्याच्या पोटात माझी एक जुनी तक्रारही आहे, ती ओघाने येईलच.

चावीची गाडी गोल फिरते आणि दहा मिनिटांत पोरं कंटाळतात. मॉडेल रेल्वेत गाडी हा निम्माच भाग. उरलेला निम्मा म्हणजे ती गाडी जिथून जाते ती जागा. स्टेशन, सिग्नल, पाण्याची टाकी, फाटकापाशी थांबलेली बैलगाडी, सगळं एकाच प्रमाणात. जगभर सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण आहे एकास सत्त्याऐंशी, त्याला एचओ म्हणतात. साडेपाच फुटी माणूस या जगात दोन सेंटिमीटरही भरत नाही. अशा फळीवर मांडलेल्या पूर्ण देखाव्याला म्हणायचं लेआउट.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर आपल्याला लांब जायला नको. पुण्यात कर्वे रस्त्याजवळ भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुलं. सोलापूरकरांनी सकाळची हुतात्मा धरावी आणि रात्री घरी यावं. मी तीनदा गेलोय. खोलीतले दिवे मंद होतात, गावात रात्र पडते, इवल्या खिडक्या उजळतात, सिग्नल पडतो आणि गाडी निघते. शेजारी बसलेले पन्नाशीचे गृहस्थ नकळत पुढे सरकून बसतात, ते बघायलाही मजा येते. एका माणसाने स्वतःच्या हौसेपोटी, मोकळ्या वेळात, वर्षानुवर्षं खपून हे केलं. भारतात या विषयात एवढ्या निष्ठेने केलेलं दुसरं काम मला माहीत नाही.

आता तक्रार. हा छंद आपल्याकडे येतो तो बहुतेक परदेशी खोक्यातून. जर्मन इंजिन, डोंगरातलं उतरत्या छपरांचं गाव, हिरवीगार सूचिपर्णी झाडं. नवशिका ते खोकं घेतो आणि होटगी रोडवरच्या फ्लॅटमध्ये दिवाणाखाली आल्प्स पर्वत वसवतो. बाहेर बेचाळीस डिग्री, आत बर्फ! हौसेला मोल नसतं हे मान्य. पण मला वाटतं, सोलापूरकराने पहिला लेआउट बार्शी लाईटचा करावा. यात गावाचा अभिमान वगैरे आहेच, तो कुठे जाणार. पण माझा मुद्दा मुळात हिशोबाचा आहे.

हिशोब असा. एचओचे तयार रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे असतात. सत्त्याऐंशीने गुणलं की १४३५ मिलिमीटर, म्हणजे युरोपातलं स्टँडर्ड गेज. आपलं ब्रॉडगेज आहे १६७६. म्हणजे बाजारातल्या रुळांवर तुम्ही कितीही जीव ओतून मध्य रेल्वे केलीत तरी तिचे रूळ खऱ्याच्या मानाने २४ सेंटिमीटर आखूड, चांगले वीतभर. समोरून बघितलं की इंजिन तोकड्या विजारीतल्या माणसासारखं दिसतं. बार्शी लाईटचं गेज अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. त्याला सत्त्याऐंशीने भागा, पावणेनऊ मिलिमीटर येतात. आणि एन गेज नावाच्या छोट्या प्रकाराचे नऊ मिलिमीटरचे रूळ जगात कुठेही तयार मिळतात. चूक किती? खऱ्या मापात दोन सेंटिमीटर, बोटभर. देशातल्या मोठ्या गाड्यांना जे रूळ बसत नाहीत, ते या छोट्या गाडीला जवळजवळ अंगच्या मापाचे बसतात!

अजून एक गंमत. बार्शी लाईटचे मालडबे एकाच मापाच्या सांगाड्यावर बांधलेले होते, २५ फूट लांब, ७ फूट रुंद. २५ फूट म्हणजे गेजच्या बरोबर दहापट. एकदा हे लक्षात आलं की डबा कागदावर काढायला स्केलपट्टीसुद्धा लागत नाही. मॉडेलमध्ये तो पावणेनऊ सेंटिमीटर लांब आणि अडीचला किंचित कमी रुंद होतो. सनबोर्डचा तुकडा, कटर आणि एक शनिवार.

ही मापं ठरवणारा माणूस एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. आधी जीआयपी रेल्वेच्या नोकरीत होता. त्याचा आग्रह असा, की इंजिन असो की डबा, कुठल्याच आसाने रुळावर पाच टनांपेक्षा जास्त भार टाकायचा नाही. भार सगळीकडे सारखा वाटला की यार्डाला ३० पौंडाचे हलके, स्वस्त रूळ पुरतात आणि तरी माल भरपूर वाहता येतो. (आपल्या धंद्यात यालाच लोड बॅलन्सिंग म्हणतात आणि त्यावर दोन तासांचं ट्रेनिंग देतात.) म्हणून त्याचं इंजिन आठ चालत्या चाकांचं, लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेलं. आणि ही गाडी बार्शीला यायच्या आधी लीड्सजवळ न्यूले इथे चाचणीसाठी रूळ टाकून चालवून बघितली होती, १८९७ साली. म्हणजे बार्शी लाईटचं पहिलं प्रदर्शन भरलं ते इंग्लंडात! याच कॅल्थ्रॉपने पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं. माणूस एका खात्यात न मावणारा होता. असो.

१८९७ मध्येच बार्शी रोड म्हणजे आजची कुर्डुवाडी ते बार्शी हे २१ मैल सुरू झाले. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. एकूण सव्वातीनशे किलोमीटर. बार्शीचा कापूस याच गाडीने मोठ्या लायनीपर्यंत आला, आषाढी-कार्तिकीला वारकरी याच गाडीने पंढरीला गेले. १९५४ मध्ये ती सरकारने विकत घेतली, आणि २००० नंतरच्या दहा-अकरा वर्षांत तुकड्यातुकड्याने तिचं ब्रॉडगेज झालं. ते व्हायलाच हवं होतं. कुर्डुवाडीला पोती एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरण्यात किती घाम जायचा हे ज्यांनी बघितलंय त्यांच्यापुढे नॅरोगेजचे गोडवे गाऊ नयेत. मीही गात नाही.

मला डाचतं ते वेगळंच. बार्शीनंतर कॅल्थ्रॉपने इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अशीच एक लाईन बांधली. तेच अडीच फुटी गेज, इंजिनंही किटसनचीच, पुढचा दिवासुद्धा हिंदुस्थानी थाटाचा भला मोठा. १९०४ मध्ये सुरू झाली, १९३४ मध्ये बंद पडली. लांबी जेमतेम तेरा किलोमीटर, आयुष्य तीस वर्षं. आज तिथे पायवाट आहे. पण तिकडच्या छंदिष्टांनी तिचं काय काय करून ठेवलंय! इंजिनांचे किट निघाले, डब्यांचे आराखडे छापले गेले, स्टेशनांचे लेआउट प्रदर्शनांतून फिरले. तीस वर्षं चाललेली धाकटी बहीण अशी मापासकट जपली गेली. शंभर वर्षांहून जास्त चाललेली थोरली बहीण आमच्या जिल्ह्यातली. तिचं तयार किट मी जालावर रात्र रात्र शोधलं. एकही सापडलं नाही.

यावर आमचा एक मित्र म्हणतो, "हे सगळं फळीवर कशाला करतोस बे? ब्लेंडरमध्ये कर, सिम्युलेटरमध्ये टाक, घरबसल्या जगाने चालवू दे." मुद्दा बिनतोड वाटतो. पण स्क्रीनवरचं बघायला कोण येणार? तुझ्या-माझ्यासारखेच. ज्यांना ही गाडी माहीत आहे ते ऐंशीच्या घरात आहेत आणि ते ब्लेंडर उघडणार नाहीत.

आमच्या गल्लीत एक काका राहतात, कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांना मी माझा पहिला सनबोर्डाचा डबा दाखवला. चष्मा वर करून त्यांनी तो उलटा केला आणि आधी खालची बाजू बघितली. (तुम्ही-आम्ही वरचा रंग बघतो.) मग म्हणाले, "कपलिंग फार वर लावलंय." किती खाली पाहिजे विचारलं तर उठून उभे राहिले, मांडीपाशी हात धरला आणि म्हणाले, "इथं. वाकायचो ना आम्ही." मी टेप आणून जमिनीपासून त्यांच्या हातापर्यंतचं अंतर मोजलं. हे माप एखाद्या दप्तरात असेलही, पण मला ते मिळालं काकांच्या हातात. आणि काकांना जमिनीवरून उठायला आता भिंतीचा आधार लागतो.

म्हणून प्रदर्शन. लेआउट घरी दिवाणाखाली ठेवला तर तो आपलाच अंदाज राहतो. तो बार्शीत, कुर्डुवाडीत, आपल्या हुतात्मा स्मृती मंदिराच्या व्हरांड्यात मांडला की लोक येणार आणि चुका काढणार. "टाकी या बाजूला नव्हती." "तिकिटाची खिडकी एवढी मोठी कुठली?" आपण सॉफ्टवेअरवाले, एक बग कळवणारा मिळावा म्हणून आपण किती मेल करतो! इथे ते स्वतःच्या पायांनी चालत येतील, नातवाचा हात धरून. होम मैदानावर गड्ड्याच्या यात्रेत मांडायचा विचारही मनात आला होता, पण ती धूळ मोटारीत गेली की संपलंच.

हे करायला फार खर्च येतो हा समज अर्धाच खरा. इंजिनाखालची मोटार-चाकं बाहेरून मागवावी लागतात, जपानी एन गेजचं चालतं सांगाडं घेऊन वरचं अंग आपण बनवायचं. तो खर्च आहेच. बाकी माल स्वयंपाकघरात आणि बोळात. काळी माती म्हणजे चहाचा चोथा, उन्हात वाळवून चाळलेला. कापणीला आलेली ज्वारी म्हणजे गोणपाटाचे धागे, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचे, फेविकॉलमध्ये उभे लावायचे. भांडी घासायच्या हिरव्या घासणीचे कपटे वाळक्या काटकीवर चिकटवले की बाभळ होते. आईने चोथा मागण्याबद्दल आता विचारणं सोडलंय. घासणीबद्दल अजून विचारते.

जागेचं मात्र प्रामाणिकपणे सांगतो. कुर्डुवाडी ते बार्शी हे ३४ किलोमीटर एचओमध्ये ३९० मीटर होतात. आमच्या सोसायटीच्या गेटपासून धरलं तर मॉडेल मेनरोड ओलांडून पलीकडे जाईल. म्हणून पूर्ण लाईन विसरा. चार फुटी फळी म्हणजे खरे १०६ मीटर. अशा दोन फळ्या जोडल्या की आडबाजूचं एक छोटं स्टेशन, एक बगलमार्ग आणि एक मालधक्का आरामात बसतो. फळ्या सुट्या ठेवल्या तर त्या गाडीच्या मागच्या सीटवर मावतात आणि गावोगाव नेता येतात. पहिल्याच वर्षी कुर्डुवाडी जंक्शन करायला जाऊ नका. मोठे आणि छोटे रूळ शेजारी दाखवायचे तर ब्रॉडगेज १९.३ मिलिमीटरचं हाताने ओढावं लागेल, आणि तिथेच उत्साह संपेल.

आता मला पाहिजेत फोटो. बार्शी, पंढरपूर, लातूर, मिरज, या पट्ट्यातल्या घरांत ते नक्की असणार. कुणाचं लग्नाचं वऱ्हाड, कुणाची बदली, कुणाची सहल, आणि पाठीमागे डबा. चेहरे अंधुक असले तरी चालतील, पण रूळ दिसले पाहिजेत. त्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर आहे हे पक्कं माहीत असतं, आणि त्यावरून त्यांच्यावर उभ्या असलेल्या डब्याची रुंदी, दरवाजा, खिडकी, सगळं मोजून काढता येतं. कपाट आवरताना असा फोटो हाती लागला तर फेकू नका, आणि फोटोतल्या कुणी अजून घरात असेल तर त्यांना विचारा, डब्याचा रंग कोणता होता.