सांघरची उंटीण आणि आपला कोंडवाडा

शेतात परके जनावर शिरले की शेतकऱ्याचे डोके फिरते, हे तुम्हाला सांगायला नको. दिवस-रात्र पाणी देऊन जगवलेली ज्वारी कुणाच्या तरी मोकाट गुराने एका रात्रीत लोळवली, तर तोंडात शिव्या येतातच, कधी हातात काठीही येते. पण जून २०२४ मध्ये पाकिस्तानच्या सिंध प्रांतात, सांघर जिल्ह्यात, जे घडले ते काठीच्या पुढचे होते. चाऱ्यासाठी शेतात शिरलेल्या एका लहान उंटिणीचा पाय कापून टाकला गेला. शेतमालक जमीनदाराने आणि त्याच्या माणसांनी हे केले, असा आरोप झाला. उंटिणीचा मालक गरीब. जमीनदाराशी वैर नको म्हणून तो तक्रार द्यायला पुढे येईना, तेव्हा पोलिसांनी सरकारतर्फे गुन्हा नोंदवला आणि काही जणांना अटक केली.

तीन पायांवर उभ्या असलेल्या त्या मुक्या जिवाची चित्रफीत घरोघरी पोचली आणि सारा देश हळहळला. सिंधच्या राज्यपालांनी मालकाला दोन उंट देऊ केले. उंटिणीला कराचीला नेऊन एका प्राणी-आश्रमात ठेवले, तिच्यासाठी कृत्रिम पाय तयार करण्यात आला. आणि हे सगळे बकरी ईदच्या तोंडावर, म्हणजे लाखो जनावरे कुर्बानीला जायची त्याच आठवड्यात.

आपल्याकडचा एखादा लगेच म्हणेल, हे कसले ढोंग? एकीकडे कापायचे आणि दुसरीकडे रडायचे! पण थोडे थांबा. आपल्या जत्रेत बोकड पडतो की नाही? पडतो. म्हणून बोकडाचा पाय मोडून त्याला आठ दिवस तडफडत ठेवलेले गावाला चालेल का? मुळीच नाही. खाण्यासाठी कापणे वेगळे आणि छळणे वेगळे, ही समजूत शेती करणाऱ्या बहुतेक समाजांत आहे, मुसलमान समाजांतही आहे. कापूच नये असे मानणारे लोक आहेत, त्यांचा आम्हाला आदर आहे. पण तो वाद वेगळा. आजचा विषय एवढाच, की जे जनावर उद्या सुरीखाली जाणार त्याचा आजचा दिवस कसा जावा, याबद्दल त्या देशांतल्या लोकांना काय वाटते. हा प्रश्न आपल्या कामाचाही आहे, कारण आपल्या देशातल्या म्हशींचे मांस आणि शेळ्या-मेंढ्या त्याच देशांत जातात.

जुन्या गावगाड्यात मुलाणी होता. कुणी त्याला बलुतेदारांत धरत, कुणी अलुतेदारांत. देवाचा बोकड असला तरी सुरी मुलाण्याची, आणि त्याबद्दल मटणाचा वाटा त्याच्या हक्काचा. सुरीला धार हवी, धार जनावराच्या डोळ्यांसमोर लावायची नाही, एकासमोर दुसरे कापायचे नाही, आधी पाणी पाजायचे, हे त्याला शाळेत कुणी शिकवले नव्हते. हे नियम इस्लामी परंपरेत पैगंबरांच्या काळापासून सांगितले गेले आहेत. उपाशी ठेवून राबवल्या जाणाऱ्या उंटाची पैगंबरांनी मालकाकडे कशी दाद मागितली, ही कथा त्या समाजांत घरोघर माहीत असते. पुढे तेराव्या शतकात दमास्कस आणि कैरो इथे होऊन गेलेले धर्मशास्त्री इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांनी तर जनावरांच्या हक्कांची यादीच लिहून ठेवली. जनावर म्हातारे झाले, आजारी पडले, त्याचा काही उपयोग उरला नाही, तरी त्याचा चारापाण्याचा खर्च मालकाने करायचा. झेपेल त्यापेक्षा जास्त ओझे लादायचे नाही. त्याच्या देखत त्याचे पिल्लू कापायचे नाही. भाकड गाईचे काय करावे हा आपल्याकडचा आजचा भांडणाचा विषय. त्याचे एक उत्तर तिकडे सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वी लिहिलेले आहे, बघा.

मग गाडे अडते कुठे? आमच्या मते अडते ते मशिदीत नाही, रस्त्यावर आणि बाजारात. कराचीच्या ईदच्या बाजारात सिंध-पंजाबातून ट्रकच्या ट्रक भरून जनावरे येतात. जून-जुलैचे ऊन, दाटीवाटीने बांधलेली गुरे, उतरवताना वरून सरळ खाली उडी. कुर्बानी करायला हंगामी कसाई फिरतात. वर्षभर भलताच धंदा करणारा माणूस त्या तीन दिवसांत सुरी हातात घेतो. त्याच कराचीत काही घरांच्या गच्चीवर वर्षभर बैल पाळतात, त्यांना बदाम-दूध चारतात, अंघोळ घालतात, आणि ईदला क्रेनने खाली उतरवतात. बघायला ही गर्दी लोटते! त्या मालकाचे बैलावर प्रेम नाही असे कुणी म्हणू नये. पण पट्ट्यात अडकून चार मजले हवेत लोंबकळताना बैलाला काय वाटते, हे त्या गर्दीत किती जणांच्या मनात येत असेल?

कायद्याचे तसेच. जनावरांच्या छळाविरुद्ध पाकिस्तानचा कायदा १८९० चा, इंग्रजांनी केलेला. बांगलादेशाने १९२० चा जुना कायदा मोडीत काढून २०१९ मध्ये नवा आणला. मलेशियाने २०१५ मध्ये केला. इंडोनेशियाच्या पशुपालनाच्या २००९ च्या कायद्यात जनावरांच्या हिताची कलमे आहेत. इस्लामाबादच्या उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये तिथल्या प्राणिसंग्रहालयातल्या कावन हत्तीच्या खटल्यात जनावरांनाही हक्क आहेत असा निकाल दिला आणि तो देताना कुराणाचा आधार घेतला. कावन कंबोडियाला गेला, बातमी जगभर झाली. पण निकाल गाजला तो हत्तीसाठी. उंटिणीसाठी, हत्तीसाठी लोक रडतात. ब्रॉयलर कोंबडीसाठी कोण रडतो? तिकडेही आता हजारो पक्ष्यांची शेड उभी आहेत. या नव्या धंद्यावर इस्लामच्या दृष्टीने बोट ठेवणारे अल-हाफिज मसरी हे अविभाजित हिंदुस्थानात जन्मलेले आणि इंग्लंडातल्या वोकिंगच्या मशिदीचे इमाम राहिलेले विद्वान. जनावर हाल करून वाढवले असेल तर नुसते रीतीप्रमाणे कापून भागत नाही, हा त्यांचा मुद्दा. १९८० च्या दशकात त्यांनी यावर पुस्तके लिहिली. त्यांचे म्हणणे खुराड्यापर्यंत अजून पोचलेले नाही. आपल्याकडे तरी कुठे पोचले आहे म्हणा.

बाहेरच्याने येऊन शहाणपण शिकवले की काय होते, याचे उदाहरण इंडोनेशियाचे. मे २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दूरचित्रवाणीवर तिथल्या कत्तलखान्यांतले हाल दाखवले गेले. जनावरे ऑस्ट्रेलियातून गेलेली. लोक खवळले आणि जूनमध्ये ऑस्ट्रेलियन सरकारने जिवंत गुरांची निर्यात एका फटक्यात बंद केली. महिन्याभरात ती पुन्हा सुरू करावी लागली. तोवर उत्तर ऑस्ट्रेलियातल्या पशुपालकांचे कंबरडे मोडले होते. २०२० मध्ये न्यायालयाने ती बंदी बेकायदा ठरवली. इंडोनेशियातही लोकांना तो आपला अपमान वाटला. खरा फरक पडला तो नंतरच्या कंटाळवाण्या कामाने. प्रत्येक जनावर कोणत्या कत्तलखान्यात गेले याचा हिशेब ठेवण्याची अट आली, कामगारांना शिकवले गेले, आणि कापण्यापूर्वी जनावराला बेशुद्ध करण्याची पद्धत तिथे बरीच रुळली. बेशुद्ध केल्याने जनावर मरत नसेल तर ते हलाल, असे मलेशियात मानतात. पाकिस्तानात मात्र याला धार्मिक मंडळींचा विरोध अजून मोठा आहे. म्हणजे ‘मुसलमान देशांचे मत’ असे एकच एक मत नाहीच. सुधारणा झाली तिथे ती बंदीच्या दांडक्याने न होता तिथल्याच पशुवैद्यांनी आणि मौलवींनी बसून केलेल्या चर्चेने झाली, असे आम्हाला वाटते.

समुद्रावर काय होते तेही ऐका. जून २०२२ मध्ये सुदानच्या सुआकिन बंदरात सौदी अरबस्तानला निघालेले जहाज बुडाले. त्यात पंधरा हजारांवर मेंढ्या होत्या, क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त. बहुतेक बुडून मेल्या. त्यामागे असतील शेकडो मेंढपाळ. खलाशी वाचले.

आता आपल्याकडे या. जून २०१८ मध्ये नागपूरहून शारजाला विमानाने शेळ्या-मेंढ्या पाठवायचे ठरले, जैन समाजासह अनेकांनी विरोध केला आणि बेत बारगळला. तेव्हा वाद झाला तो पाठवावे की पाठवू नये, याचाच. कसे पाठवावे, हे विचारणारे थोडे. १९७८ च्या नियमांप्रमाणे साडेचार-पाच टनी ट्रकमध्ये ४० पेक्षा जास्त शेळ्या-मेंढ्या आणि मालवाहू ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरे भरता येत नाहीत. आठवडी बाजाराच्या दिवशी चौकात उभे राहा आणि मोजा! व्यापारी म्हणतो, भाडे परवडत नाही. ते खरेही आहे. पण पाय मोडलेल्या, दमलेल्या जनावराचे वजन घटते, मांस काळपट पडते, आणि तो तोटा दर पाडून शेवटी तुमच्याच गळ्यात येतो.

सांघरच्या घटनेसारखे आपल्या शिवारात घडले तर काय, हेही माहीत असू द्या. कुणाचे जनावर मारणे किंवा लुळे-पांगळे करणे याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पाकिस्तानच्या दंडसंहितेतही असे कलम आहे. मूळ तेच, १८६० चे. आणि शेतात शिरलेल्या गुरासाठी कोंडवाड्याची वाट १८७१ च्या कायद्याने घालून दिली, तीही दोन्ही देशांना वारशाने मिळाली. ज्याचे नुकसान झाले त्याने जनावर कोंडवाड्यात घालायचे, मालकाने दंड भरून सोडवायचे. पण कोंडवाडा असला पाहिजे ना! कित्येक गावांत त्याच्या भिंती पडल्या, काही ठिकाणी त्या जागेवर सभागृह झाले. जिथे आहे तिथे पाण्याची कुंडी कोरडी, सावलीला पत्रा नाही. मग चिडलेला शेतकरी जनावर नेणार कुठे? त्याच्या हातात उरते ती काठी.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी पुढच्या मासिक सभेत दोन विषय घ्यावेत: कोंडवाड्याची दुरुस्ती, आणि बाजारतळावर ट्रकमधून जनावरे उतरवण्यासाठी मातीचा एक पक्का उतार. उताराला मुरमाच्या चार-पाच ट्रॉल्या पुरतात.