पैशाचेही पुरुमेंत

पावसाळा तोंडावर आला की गोमंतकातील गृहिणी तांदूळ, मिरची, सुकी मासळी यांचे पुरुमेंत भरून ठेवते. पावसाची वेळ तिला ठाऊक असते; मिळकत खुंटण्याची वेळ मात्र कोणीच सांगत नाही. 2012 च्या सप्टेंबरात आणि पुन्हा 16 मार्च 2018 पासून खाणी थांबल्या, तेव्हा डिचोली तालुक्यात ट्रक दारात उभे राहिले; बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत. ज्यांची सारी पुंजी ट्रकातच गुंतली होती, त्यांची मिळकत आणि पुंजी एकदमच अडकली. 2020 च्या टाळेबंदीत रोजंदारीवरील कुटुंबांनी असाच घाला सोसला.

तुये येथील औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर राबणाऱ्यांनी यापासून बोध घ्यावा. निदान तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम टपाल कचेरीत किंवा बँकेत वेगळी ठेवावी. चवथ वा लग्नकार्य यांसाठी तिला हात लावू नये. तुटपुंज्या वेतनातून हे कठीण आहे, हे आम्ही जाणतो. म्हणूनच वेळेवर व पुरेसे वेतन देणे हे मालकांचे आणि ते मिळते की नाही हे पाहणे सरकारचे कर्तव्य ठरते. तरीही थोडक्यात का होईना, आरंभ आजच व्हावा. आभाळ फुटल्यावर पुरुमेंत भरता येत नाही.