सफरीत कळलेला दोस्त



जानेवारीत सहा दिवस मी घरी नव्हतो. साठीला टेकलेले आम्ही दोघे बालमित्र सायकलवरून रत्नागिरी जिल्ह्याचा किनारा पाहायला निघालो होतो. उत्तरेला सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, दक्षिणेला विजयदुर्गची खाडी आणि मधे दाभोळ, जयगड, भाट्ये, पूर्णगड. नकाशात हा किनारा सरळ दिसतो. सायकलवर बसले की खरा कळतो. गावे खाली पाण्याजवळ आणि दोन गावांच्या मधे जांभ्याचा सडा. उतरायचे, पुन्हा चढायचे, दिवसभर तेच.

हा बेत चाळीस वर्षांपूर्वीचा. शाळेत असताना आम्ही पन्नास पैसे तासाने सायकल भाड्याने घ्यायचो. पैसे एकाच सायकलपुरते असत, म्हणून डबलशीट. तो पायडल मारायचा, मी कॅरिअरवर. ‘एक दिवस अशीच रत्नागिरी गाठू,’ असे तो म्हणायचा. 1989 मध्ये तो दम्मामला गेला. दोन वर्षांतून एकदा सुट्टी, ती लग्नकार्यात आणि घराच्या दुरुस्तीत संपायची. आता तो कायमचा परत आला आहे. आला तेव्हा पहिली गोष्ट त्याने विकत घेतली ती सायकल.

हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी एक प्रसंग सांगितला जातो. एका माणसाने दुसऱ्याच्या चांगुलपणाची ग्वाही दिली. तेव्हा त्यांनी विचारले, तू त्याचा शेजारी आहेस का? त्याच्याशी पैशाचा व्यवहार केला आहेस का? त्याच्याबरोबर सफर केली आहेस का? तिन्हींचे उत्तर नाही असे आले, तेव्हा ते म्हणाले, मग तू त्याला ओळखत नाहीस. मला वाटत होते, आमच्या दोस्तीला हा प्रश्न लागू नाही. शेजार झाला होता, पैशाचा व्यवहारही झाला होता. सफर मात्र राहिली होती.

आदल्या दिवशी दाभोळची आदिलशाही काळातली मशीद पाहिली. लोक तिला अंडा मशीदही म्हणतात. विजापूरची एक शहजादी हजला जायला म्हणून या बंदरात आली, तिचा प्रवास इथेच अडला आणि बरोबर आणलेला पैसा तिने या मशिदीला लावला, असे गावात सांगतात. दोस्त तिथे बराच वेळ बसून होता. ‘निघालेल्या माणसाला पोहोचता आले नाही, तर काय वाटत असेल रे?’ एवढेच तो बोलला. मला वाटले, शहजादीबद्दल बोलतोय.

तिसऱ्या दिवशी गुहागरहून फजर होताच निघालो. पालशेत, हेदवी करत तवसाळ गाठायचे, फेरीबोटीने जयगडला उतरायचे आणि गणपतीपुळे, आरे-वारे मार्गे संध्याकाळी रत्नागिरी. ऐंशी किलोमीटरच्या आसपास अंतर. ऊन चढायच्या आत खाडी पार करावी, ही घाई माझी. ‘नाश्ता तवसाळला करू,’ हेही मीच ठरवले. त्याला साखरेचा आजार आहे हे मला माहीत होते. सकाळची गोळी त्याने घेतली होती हे माहीत नव्हते, आणि मी विचारलेही नाही.

हेदवी सोडल्यावर चढ लागला. मी पुढे गेलो, वर जाऊन थांबलो, घड्याळ पाहिले. पाच मिनिटे झाली, दहा झाली. खोटे कशाला सांगू, मला रागच आला. उलटा उतरून गेलो तर तो सायकल हातात धरून रस्त्याच्या कडेला उभा. थंड हवेत कपाळावर घामाच्या धारा, हात थरथरताहेत, बोलणे अडखळते आहे. ‘तू हो पुढे,’ म्हणाला. खजुराची पिशवी त्याच्याच बॅगेत होती आणि त्याला बॅगेची चेन उघडता येत नव्हती.

जवळच एक घर होते, अंगणात तुळस. माझी हाक ऐकून एक वयस्क मावशी बाहेर आल्या. मी साखर मागितली. त्यांनी काही न विचारता तांब्याभर पाण्यात मूठभर साखर ढवळून आणली. ‘आधी सावलीत बसवा त्यांना. चढ कुठं पळून जातोय?’ म्हणाल्या. पंधरा मिनिटांनी त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. मग त्यांनीच भाकरी आणि चहा दिला. पैशाचा विषय काढताच रागावल्या.

ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांच्यासाठी इथेच सांगतो. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी श्रम केले की साखर झपाट्याने खाली जाऊ शकते. घाम, थरथर, अडखळते बोलणे ही खूण. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटे थांबावे, बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी आणि नंतर काही खायला घालावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, तडक दवाखाना गाठावा. लांब निघण्याआधी गोळ्यांचे वेळापत्रक डॉक्टरांना विचारून घ्यावे. साखर आपल्या बॅगेत आणि सोबत्याच्याही बॅगेत ठेवावी.

तवसाळच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा बोट नुकतीच सुटली होती. समोर शास्त्री नदीचे रुंद मुख, पलीकडे जयगडचा किल्ला. खाडीला वळसा घालायचा तर रस्ता फार लांबचा. बसून राहण्याखेरीज काम नव्हते. मी माफी मागितली. त्याने हात झटकला आणि पाण्याकडे बघत विचारले, ‘अब्बांच्या मातीच्या दिवशी तू होतास ना? मला सगळे सांग.’

त्याचे अब्बा 2003 च्या जुलैमध्ये गेले. त्याला येता आले नाही. फोनवर एवढेच कळले होते की सगळे व्यवस्थित झाले. पुढे तो कितीदा आला, आम्ही कितीदा भेटलो, पण घरात नेहमी माणसे असत. त्याने विचारले नाही, मी सांगितले नाही. त्याला त्रास होईल असे मी धरून चाललो होतो. खरे तर मलाच सांगणे जड जात होते.

मग सांगितले. पाऊस इतका होता की खोदलेल्या कबरीवर चौघांनी ताडपत्री धरली होती. बादलीने पाणी उपसावे लागले. जनाज्याला सारी वाडी आली, खाडीपलीकडची माणसेही होडीने आली. कबरीत तुझे दोन चुलतभाऊ उतरले आणि तुझ्या जागी मी उतरलो. चेहरा किब्ल्याकडे मी वळवला.

‘तू उतरलास?’ तो म्हणाला. ‘मला कुणी बोलले नाही.’ बऱ्याच वेळाने त्याने विचारले, ‘आणि माती?’

‘तीन मुठी माझ्या,’ मी म्हणालो, ‘आणि तीन तुझ्या नावाने.’

तो काही बोलला नाही. बोट आली. सायकली चढवल्या, तिकिटे काढली. मधल्या पाण्यात त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो जयगड येईपर्यंत काढला नाही.

जयगडला जोहर आणि असर एकत्र पढलो, दोन-दोन रकात. आम्ही कोकणी बहुतेक शाफई, सफरीत ही सवलत आम्हाला आहे. ती एरवी अनेकदा वापरली आहे. पण थकलेल्या मुसाफिराचे ओझे हलके करण्याची शिकवण नमाजेतच आहे, आणि मी सकाळपासून माझ्या सोबत्याचे ओझे वाढवत होतो, हे त्या दिवशी तिथे बसून उमगले.

पुढे घाई केली नाही. तो पुढे, मी मागे. मालगुंडला शहाळे घेतले, आरे-वारेच्या चढावर दोघेही उतरून चाललो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सुरूचे बन. साखरतरला पोहोचताना सूर्य बुडाला. तिथे मगरिब पढलो, ती मात्र तीनच रकात. रत्नागिरीत शिरलो तेव्हा दिवे लागले होते. चाळीस वर्षांपूर्वी ठरलेला पल्ला पुरा झाला.

रात्री झोपताना मनात आले, हजरत उमर (रजि.) यांचा तिसरा प्रश्न आज कुणी माझ्या दोस्ताला माझ्याबद्दल विचारला, तर तो काय सांगेल? चढावर टाकून गेला, हेही सांगावे लागेल त्याला.

आपल्या कोकणात क्वचितच एखादे घर असेल ज्यातले कुणी आखाताला गेले नाही. परत आलेल्या माणसाला आपण कमाई विचारतो, पुढचा बेत विचारतो. त्याच्या पाठीमागे घरात जे घडले, ते आपल्यापाशी त्याची अमानत म्हणून पडलेले असते. ते त्याला एकांतात, सवडीने द्यावे. त्यासाठी सायकलच पाहिजे असे नाही. धक्क्यावर बसून बोट चुकलेली असली तरी पुरे.

दुसऱ्या दिवशी भाट्ये पुलाकडे निघण्याआधी मी हॉटेलात दोन प्लेट नाश्ता मागवला. तो हसून म्हणाला, ‘पावस गाठून खाऊ की.’

मी म्हणालो, ‘आधी खा. चढ कुठं पळून जातोय?’