आधी खोलून तर बघा!

दोस्तांनो, ‘गावात करायला काहीच नाही यार,’ हे शनिवार-रविवारचं रडगाणं तुमच्याही कट्ट्यावर चालू असेल. बरोबर आहे. अकोला-वाशिम रस्त्यावरच्या मेडशीत ना मॉल, ना मल्टिप्लेक्स. पण एकदा घरामागच्या टिनाखाली डोकावून बघा. पोत्याखाली बाबांची जुनी स्प्लेंडर असेल, काकांची लुना असेल. चेन गंजलेली सायकल तर असेलच. नंबर प्लेटवर एमएच ३० दिसलं तर गोंधळू नका. वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, एमएच ३७ त्यानंतरचं. त्याआधी आपण अकोल्याचेच होतो.

हा ऐवज भंगारवाल्याला किलोवर देण्याआधी त्याला दोन दिवस द्या.

सुरुवात सायकलपासून करा. चेन रॉकेलने धुवा, चाकातले छर्रे काढून नवं ग्रीस भरा. डावं पायडल कितीही जोर लावला तरी निघत नसेल तर थांबा. त्याचे आटे उलटे असतात. ते तसे का, हे शोधलंत की फिजिक्सचा एक तास वसूल!

मग गाडीचा प्लग काढा. त्याचं टोक तपकिरी असेल तर ठीक. काळीकुट्ट काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरं पडलं असेल तर हवा जास्त. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात बसतो, म्हणून किक मारून पाय दुखतो पण गाडी चालू होत नाही. मात्र पेट्रोल काढताना जवळ विडी-काडी, ठिणगी काही नको.

खरा अडथळा पाना-पकडीचा नाहीच, तो डोक्यात आहे. मार्क कमी पडले की घरी काय ऐकवतात? ‘जा, गॅरेजवर बस!’ पुस्तकवाला हुशार आणि पानेवाला नापास, अशी वाटणी आपण करून टाकलीय. जपानमध्ये सोइचिरो होंडा यांनी १९४६ मध्ये युद्धानंतर उरलेली छोटी इंजिनं सायकलींना जोडून विकायला सुरुवात केली. १९९४ साली आलेली हिरो होंडा स्प्लेंडर त्याच घराण्यातली. म्हणजे तुमच्या टिनाखालच्या गाडीची पणजीसुद्धा जुगाडच होती.

आपल्याकडे बघा. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किकवर चालू होणारी छोटी जीप बनवली. तो व्हिडिओ पाहून डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. ही गाडी नियमात बसत नाही, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. ते विसरू नका. गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल कायद्याला चालत नाहीत. फटाके फोडणारा सायलेन्सर लावणं म्हणजे मेकॅनिकगिरी नव्हे, ती गावाला डोकेदुखी आहे. आणि गाडी चालू झाली म्हणून लगेच रस्त्यावर काढू नका. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे आरटीओत तपासणी करून ती वाढवावी लागते.

एवढी झटापट कशासाठी? कारण नवी बाइक हप्त्यावर येते आणि तो हप्ता बहुतेक घरांत बापाच्या सोयाबीनमधून जातो. गाडी आतून ओळखणारा पोरगा किंवा पोरगी, हो, पोरगीसुद्धा, ‘नवीनच घ्या’ म्हणण्याआधी निदान जुनीला काय झालंय ते सांगू शकते.

अडलात तर गावातल्या मिस्त्रीकाकांकडे जा. ‘करून द्या’ म्हणू नका, ‘दाखवा’ म्हणा. आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. रविवारी रात्रीपर्यंत गाडी चालू होईलच असं नाही. पण ती का चालू होत नाही, हे सोमवारी तुम्हाला माहीत असेल. शिकणं याहून वेगळं काय असतं?