मराठवाडा बुडेल एवढे तळे

दिवाळी हा आमच्या भागात पाण्याकडे पाहण्याचाही सण आहे. पाऊस परतलेला असतो, रब्बीची पेरणी चाललेली असते, आणि माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला आलेला शेतकरी मातृतीर्थाच्या काठी उभा राहून पाणी कुठवर आहे ते डोळ्यांनी मापतो. हात जोडलेले असतात, पण मनात हिशेब चाललेला असतो तो पुढच्या चैत्र-वैशाखाचा. त्याच्या लेखी तळे म्हणजे देवाची कृपा आणि घरची शिल्लक, दोन्ही एकदमच.

अशा माणसाला जर सांगितले की आफ्रिकेत एक तळे आहे आणि त्यात आपला अख्खा मराठवाडा बुडून वर पाणी उरेल, तर तो काय म्हणेल? बहुधा म्हणेल, “मालक, फराळ झाला असेल तर पान खा, थापा मारू नका!” पण ही थाप नव्हे. व्हिक्टोरिया सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर, आणि मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचे मिळून सुमारे ६४,५००. पैठणपासून किनवटपर्यंतचा सारा मुलूख त्यात ठेवून द्यावा, तरी चहूकडे काठाला पाणी राहीलच.

तेव्हा यंदा वाचकांना या तळ्याच्या काठाकाठाने एक फेरी घडवावी असा बेत आहे. पारपत्र नको, पीतज्वराची लस नको. चकली हातात असली तरी चालेल.

आधी नावाचे पाहू. स्पीक नावाच्या इंग्रज प्रवाशाने १८५८ साली हे पाणी पाहिले आणि त्याला आपल्या राणीचे नाव देऊन टाकले. काठावरची माणसे काही बिननावाचे पाणी पीत नव्हती. उत्तर काठावरचे बगंडा लोक त्याला ‘नालुबाले’ म्हणत. ‘लुबाले’ म्हणजे त्यांचे देव. त्यांच्यावरूनच हे नाव आले. आपण तळ्याला आईचे नाव देतो, ते देवांचे देतात. पाहुण्याने मात्र नकाशावर राणीचे लिहिले.

फेरीचा पहिला मुक्काम केनियातले किसुमू. समुद्रकाठच्या मोंबासाहून १८९६ साली सुरू झालेली रेल्वे १९०१ साली येथे पाण्याला टेकली. हे लोखंड अंथरायला हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते. बहुतेक पंजाबातले. त्यांतले सुमारे अडीच हजार तिथेच मेले, काही हजार तिथेच राहिले, बाकीचे परतले. किसुमूत गुरुद्वारा आहे म्हटल्यावर नांदेडकराला परके वाटायचे कारण नाही. मजुरांमागून गुजराती व्यापारी गेले आणि त्यांनी रेल्वेच्या पुढेही पायवाटांपर्यंत दुकाने नेली. स्वाहिली भाषेत आजही दुकानाला ‘दुका’, पैशाला ‘पेसा’, गाडीला ‘गारी’ आणि चपातीला ‘चपाती’च म्हणतात. काठावर तळलेला मासा मिळतो, आणि त्याच्याबरोबर ‘उगाली’, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. भाकरीच्या माणसाला तो परवडेल.

ती रेल्वे माणसांना पाण्यापर्यंत घेऊन गेली. आपल्याकडे २०१६ च्या एप्रिलमध्ये उलटे घडले. मिरजेहून रेल्वेच पाणी घेऊन लातूरला आली, आणि फलाटावर माणसांनी तिचे स्वागत केले. साहजिकच लातूरकराला वाटेल, किसुमूकर भाग्यवान. दारात समुद्राएवढे गोडे पाणी! पण मौज अशी की, किसुमूच्या गरीब वस्त्यांतही माणसे हातगाड्यांवरून येणारे पाणी डबा-डबा विकत घेतात. तळे दिसते, ऐकू येते. नळातून मात्र येत नाही. पाणी असणे आणि पाणी मिळणे या दोन गोष्टींत किती अंतर असते, हे टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगायला नको.

पुढचे गाव युगांडातले जिंजा. ‘जिंजा’ या शब्दाच्या मुळाशी खडक आहे. येथेच नाईल नदी तळ्यातून बाहेर पडते आणि इजिप्तची वाट धरते. तिच्या तोंडाशी असलेला धबधबा १९५४ साली पुऱ्या झालेल्या धरणामागे बुडाला. त्या वीजकेंद्राला आता पुन्हा ‘नालुबाले’ नाव दिले आहे. उशिरा का होईना, पण देवांना त्यांची जागा परत मिळाली. याच ठिकाणी १९४८ साली महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भाग विसर्जित झाला. १९९७ साली आपले त्या वेळचे पंतप्रधान इंद्रकुमार गुजराल यांनी तिथे गांधीजींच्या पुतळ्याचे अनावरण केले.

त्याच १९४८ साली एक मराठी माणूस या मुलखात आला. औंधचे राजपुत्र आप्पासाहेब पंत. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेतले स्वतंत्र भारताचे ते पहिले आयुक्त. कचेरी नैरोबीला, पण तळ्याकाठचा मुलूखही त्यांच्याच कक्षेत. १९३९ साली औंधच्या राजाने गांधीजींच्या सल्ल्याने आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली, त्या प्रयोगात हा मुलगा हिरिरीने पुढे होता. माणदेशच्या दुष्काळाची झळ त्यांना ठाऊक होती. इथल्या भारतीयांना त्यांनी आणि दिल्लीहून नेहरूंनी एकच गोष्ट परोपरीने सांगितली: हा देश आफ्रिकनांचा आहे, त्यांच्या बरोबरीने उभे राहा. आफ्रिकन पुढाऱ्यांशी असलेली त्यांची मैत्री गोऱ्या सरकारला रुचली नाही. १९५४ साली त्यांचा तिथला कार्यकाळ संपला.

त्या सांगण्याचे मोल पुढे कळले. तळ्याकाठचेच एंटेबे हे इंग्रजी अमदानीत युगांडाचे कारभाराचे ठिकाण. तिथल्या कचेऱ्यांत गोव्याच्या कारकुनांनी पिढ्यान्‌पिढ्या वह्या लिहिल्या. उतरंड अशी की वर गोरा साहेब, मध्ये आपला कारकून नि दुकानदार, आणि तळाशी ज्याची जमीन तो. ही उतरंड आपण रचली नव्हती, पण तिच्या मधल्या पायरीवर आपण आरामात बसलो होतो. ४ ऑगस्ट १९७२ रोजी ईदी अमीन या हुकूमशहाने आशियाई लोकांना देश सोडायचा हुकूम काढला. नव्वद दिवसांची मुदत. ज्यांचा जन्म तिथला, ज्यांच्या आजोबांची राख त्याच मातीत, अशी पन्नास हजारांहून अधिक माणसे हातातल्या सामानानिशी एंटेबेच्या विमानतळावरून गेली. हा निव्वळ जुलूम होता. त्याला दुसरे नाव नाही. त्याची किंमत युगांडालाही मोजावी लागली. दुकाने ओस पडली, कारखाने थांबले. १९९० नंतर पुष्कळांना मालमत्ता परत मिळाल्या, काही कुटुंबे फिरून आली. पण गेलेला शेजार कोर्टाच्या कागदाने परत येत नाही.

आता दक्षिणेला टांझानियातले म्वांझा. पाण्यातून वर आलेले प्रचंड खडक, एकावर एक तोल सांभाळून बसलेले. पाहणाऱ्याचा श्वास अडकावा. येथल्या कारखान्यांत ‘नाईल पर्च’ नावाचा मासा कापला जातो. तो मूळचा या तळ्यातला नाही. १९५० च्या पुढे तो मुद्दाम आणून सोडला. माणसाहून जड होणारा हा राक्षस. त्याने तळ्यातल्या लहान माशांच्या शेकडो जाती खाऊन संपवल्या. त्याचे मांस विमानाने युरोपला जाते, आणि काठावरच्या गरिबाच्या वाट्याला उरतो तो सांगाडा. तो तळून खातात.

तळ्याची आणखीही दुखणी आहेत. पंचगंगेला आणि मुळामुठेला छळणारी जलपर्णी १९९० च्या सुमारास येथेही पसरली. बोटी अडकल्या, बंदरे बंद पडली. शेवटी ती कुरतडणारे भुंगेरे सोडावे लागले. २००६ च्या सुमारास पाणी फार उतरले. पाऊस कमी झाला होता हे खरे, पण जिंजाच्या धरणातून वाजवीपेक्षा जास्त पाणी सोडले गेले होते, हेही खरे. २०२० साली तेच पाणी चढून काठावरच्या घरांत शिरले. एवढे अफाट दिसणारे हे तळे खोल मात्र नाही. सर्वांत खोल ठिकाणीही ८० मीटरच्या आसपास. त्याचे बहुतेक पाणी थेट वरून पडणाऱ्या पावसाचे. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात की सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वी ते पार कोरडे पडले होते. म्हणजे मराठवाडा गिळील एवढे तळेही आभाळाच्याच भरवशावर उभे आहे!

फेरी इथे संपली. हातात काय उरले? मला तरी असे वाटते की तळ्याचा मोठेपणा पाण्याने ठरत नाही, काठाने ठरतो. पाणी पुष्कळ असूनही नळ कोरडा, मासा पुष्कळ असूनही ताटात काटे, आणि जागा पुष्कळ असूनही शेजारी हद्दपार, हे सारे एकाच काठावर घडले. वाटून घेणे जमले नाही, की समुद्रही अपुरा पडतो. हे त्या तीन देशांच्या ध्यानात आले म्हणायचे, कारण तळ्याच्या कारभारासाठी त्यांचा संयुक्त आयोग आता किसुमूतच बसतो.

आमच्या पैनगंगेच्या एका तीरावर एके काळी निजामाचे राज्य होते आणि दुसऱ्या तीरावर वऱ्हाड. राज्ये गेली, पण वरच्या इसापूर धरणातले पाणी कोणाला किती, हा तंटा दर उन्हाळ्यात नव्याने उगवतो. दोन्ही तीरांच्या माणसांनी तो उन्हाळ्याची वाट न पाहता, धरण भरलेले असताना, अशा दिवाळीच्या दिवसांतच मिटवायला बसावे. पोट भरलेले असले की माणूस वाटणीला जरा उदार असतो.